शर्यतीचा रविवार

१९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या मैदानी शर्यती झाल्या, तेव्हा लांब पल्ल्याला उतरलेले बहुतेक गडी शेतकरी होते. पाय अनवाणी, कुणी शिकवलेलं नाही, घड्याळ लावून धावायची सवय नाही. सर दोराबजी टाटा तेव्हा जिमखान्याचे अध्यक्ष होते. या गड्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या फार मागे नाहीत हे त्यांनी हेरलं आणि पुढच्या वर्षीच्या अँटवर्प ऑलिंपिकला आपली माणसं गेलीच पाहिजेत, असं मनावर घेतलं. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांचा पाठिंबा मिळवला, पदरचे पैसे घातले. बेळगावचे फडेप्पा चौगुले त्या चमूत होते. आधी बोटीने इंग्लंड, तिथे सराव, मग बेल्जियम. २२ ऑगस्ट १९२० रोजी अँटवर्पच्या रस्त्यांवर ते मॅरेथॉन धावले आणि २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. त्या वर्षीचा मार्ग ४२.७५ किलोमीटरचा होता. ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनचा मार्ग एवढा लांब पुन्हा कधी आखला गेला नाही.

सातारा जिल्ह्यातल्या शाळेत मी खेळ शिकवत होते तेव्हा चौगुल्यांची ही धाव मुलांना दरवर्षी सांगायचे. सांगताना एक विचार नेहमी मनात यायचा. या सगळ्यात चौगुल्यांनी स्वतः काय ठरवलं? चाचणीचा दिवस जिमखान्याचा, प्रवासाचा दिवस बोटीचा, शर्यतीचा दिवस बेल्जियमच्या आयोजकांचा. त्या दिवशी अंगात ताकद भरलेली असेल की उतरलेली, हे धावणाऱ्याला विचारायची रीतच नव्हती. पुढची साठ-सत्तर वर्षं आपल्याकडचा धावणारा असाच दुसऱ्याच्या तारखेवर धावला. लष्करात असला तर पलटणीच्या, रेल्वेत असला तर रेल्वेच्या, शाळेत असला तर जिल्हा क्रीडा स्पर्धेच्या. आमच्या जिल्हा स्पर्धा ऐन ऑगस्ट-सप्टेंबरच्या चिखलात यायच्या आणि शाळा तर जूनमध्ये उघडायची. दोन-अडीच महिन्यांत पोराला काय तयार करणार? जे अंगात आहे ते घेऊन पळ, एवढंच सांगता यायचं.

आता निवृत्तीनंतर पहाटे मैदानावर येणाऱ्या मंडळींना मी हाफ मॅरेथॉनची वेळापत्रकं आखून देते. त्यांच्यापुढे पेच अगदी उलटा आहे. शर्यती इतक्या की कुठला रविवार घ्यावा आणि कुठला सोडावा हेच कळत नाही. सराव कसा करायचा हे विचारायला येणारे पुष्कळ. कोणती शर्यत धरायची, हे आधी विचारणारे फार थोडे. माझ्या मते खरं काम तिथूनच सुरू होतं, आणि हे सांगायला मला ऑकलंडच्या एका चपला-बुटांच्या कारखान्यातल्या कामगाराची गोष्ट पुरते.

न्यूझीलंडचा आर्थर लिडियार्ड बुटांच्या कारखान्यात काम करायचा. धावण्याचं शास्त्र त्याला कुणी शिकवलं नव्हतं. किती धावलं की अंगाला मानवतं आणि किती धावलं की ते मोडतं, हे त्याने वर्षानुवर्षं स्वतःच्या पायांवर करून पाहिलं आणि मग आसपासची पोरं हाताशी धरली. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्याच्या पोरांनी जगाला थक्क केलं. २ सप्टेंबरला तासाभराच्या आत पीटर स्नेलने ८०० मीटरचं आणि मरे हॅलबर्गने ५००० मीटरचं सुवर्ण घेतलं. आठवड्याभराने बॅरी मॅगी मॅरेथॉनमध्ये तिसरा आला. ८०० मीटर धावणारा स्नेलसुद्धा ऑकलंडबाहेरच्या वायटाकेरे डोंगरांत बावीस मैलांची फेरी मारायचा, हे ऐकून त्या काळचे प्रशिक्षक चक्रावले होते.

त्या लांब फेऱ्यांची चर्चा खूप झाली. लिडियार्डची त्याहून मोठी देणगी मला त्याच्या मोजणीत दिसते. तो शर्यतीच्या दिवसापासून मागे मोजायचा. शर्यतीआधीचे काही दिवस विसावा, त्याआधी वेगाला धार, त्याआधी ट्रॅकवरचे काही आठवडे, त्याआधी चढावरचं धावणं, आणि सगळ्यात खाली दहा-बारा आठवड्यांचं सलग लांब धावणं, म्हणजे पाया. वरचा मजला पायाआधी चढवता येत नाही, म्हणून शेवटचा दिवस आधी पक्का हवा. तो पक्का नसेल तर मोजायला सुरुवात कुठून करणार? आज बारा आठवड्यांची, सोळा आठवड्यांची जी वेळापत्रकं जगभर फिरतात, त्या सगळ्यांत ही उलटी मोजणी आहे.

पण लिडियार्डच्या पोरांसमोर मोठी शर्यत चार वर्षांतून एकदा यायची. आपल्या मंडळींसमोर ती दर पंधरवड्याला येते. म्हणून त्याच देशातल्या दुसऱ्या एका माणसाचा नियम मी वेळापत्रकाशेजारी लिहून देते. जॅक फॉस्टर मूळचा सायकलवाला, तिशी ओलांडल्यावर धावायला लागला. १९७४ च्या क्राइस्टचर्च राष्ट्रकुल स्पर्धेत एक्केचाळिसाव्या वर्षी त्याने २ तास ११ मिनिटांत मॅरेथॉन संपवून रौप्यपदक मिळवलं. तो म्हणायचा, जितके मैल जीव तोडून धावलात, तितके दिवस पुन्हा जीव तोडू नका. हाफ मॅरेथॉन तेरा मैलांची, म्हणजे तेरा दिवस. दोन सलग रविवारी दोन हाफ जोरात धावणाऱ्याला यातच उत्तर मिळतं. चाळिशी-पन्नाशीतल्या धावपटूंना तर मी यात आणखी थोडे दिवस घालायला सांगते.

हाफचं अंतर, २१.०९७५ किलोमीटर, सामान्य माणसापर्यंत आलं त्यातही ऑकलंडचा हात आहे. इंग्लंडचा धावपटू ब्रेंडन फॉस्टर १९७९ मध्ये तिथल्या ‘राउंड द बेज’ या लोकधावेत धावला. हजारो साधी माणसं, पोरंबाळं एकत्र धावताना पाहून तो भारावला आणि परत गेल्यावर १९८१ मध्ये त्याने न्यूकॅसलपासून साउथ शील्ड्सच्या समुद्रापर्यंत ‘ग्रेट नॉर्थ रन’ सुरू केली. पहिल्याच वर्षी बारा हजार माणसं धावली. पुढे १९९२ मध्ये हाफ मॅरेथॉनची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा त्याच मार्गावर झाली.

आपल्याकडे १९८३ मध्ये पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन सुरू झाली आणि डिसेंबरातला तिचा रविवार पुढची अनेक वर्षं महाराष्ट्रातल्या धावणाऱ्यांच्या डोक्यात कोरला गेला. निवडायला दुसरं फारसं नव्हतंच. मुंबई मॅरेथॉन आली २००४ मध्ये. पहिली धाव १५ फेब्रुवारीला झाली आणि दुसऱ्या वर्षापासून ती जानेवारीत आली. मुंबईच्या दमट हवेत महिनाभर अलीकडे येणं म्हणजे काय, हे पेडर रोडचा चढ उन्हं वर आल्यावर चढलेल्या माणसाला विचारावं. त्याच २००४ च्या ऑक्टोबरात हाफ मॅरेथॉनची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा दिल्लीत भरली आणि पुढच्या वर्षी दिल्ली हाफ मॅरेथॉन सुरू झाली. दिल्लीची तारीख मात्र हवेने हलवली. ही धाव मधली बरीच वर्षं नोव्हेंबरात व्हायची. त्या दिवसांत राजधानीवर धुराचं इतकं दाट पांघरूण असायचं की डॉक्टरांच्या संघटनेने शर्यतीविरुद्ध कोर्टात धाव घेतली, आणि २०१८ पासून ती बहुतेकदा ऑक्टोबरात घेतली जाऊ लागली.

आमच्या साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन २०१२ ची. शहरातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याने पुढे जायचं आणि आल्या वाटेने परत यायचं. दिवस पावसाळ्याच्या अखेरचे. धुकं अंगावर येतं, कधी भुरभूर चालू असते, रस्त्याच्या दोन्ही बाजू हिरव्यागार. या शर्यतीबद्दल सगळे चढाची भीती घालतात. मी येणाऱ्या प्रत्येकाला उताराबद्दल बजावते. चढावर दम लागतो, पाय आपोआप सावकाश पडतात, शरीर स्वतःला सांभाळून घेतं. उतारावर दम लागत नाही, वेग फुकट मिळाल्यासारखा वाटतो आणि माणूस सुटतो. तेव्हा मांडीच्या पुढच्या स्नायूला ताणलं जात असतानाच वजन झेलावं लागतं. प्रत्येक पावलाला त्याच्या तंतूंना बारीक इजा होत जाते. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरणारी माणसं साताऱ्यात त्या आठवड्यात घरोघरी दिसतात. दुखणं आठवड्यात जातं, पण पायातली धार परत यायला त्याहून जास्त दिवस लागतात. म्हणून साताऱ्यानंतर लगेच डिसेंबर-जानेवारीच्या शर्यतीचा कडक सराव मी कुणालाच देत नाही.

थोरामोठ्या धावपटूंनी शर्यती कशा निवडल्या, हे पाहण्यासारखं आहे, आणि त्यातली दोन उदाहरणं आपल्याच मातीतली आहेत.

माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर. १८ जानेवारी २०१५ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये ओ. पी. जैशाने २ तास ३७ मिनिटं २९ सेकंदांत राष्ट्रीय विक्रम केला आणि तिच्या मागोमाग ललिता २ तास ३८ मिनिटं २१ सेकंदांत आली. त्या वेळेवर दोघीही बीजिंगच्या जागतिक स्पर्धेतल्या मॅरेथॉनला पात्र ठरल्या. मुंबईत भारतीय महिलांत ओळीने तीनदा पहिली आलेली ही मुलगी, आता मॅरेथॉनच धरणार, असं कुणालाही वाटलं असतं. तिने ३००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाणी ओलांडत धावायची शर्यत, धरली. साडेचार महिन्यांनी वुहानच्या आशियाई स्पर्धेत तिने त्यात सुवर्ण घेतलं, बीजिंगला अंतिम फेरीत आठवी आली आणि २०१६ मध्ये रिओला प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत धावली. ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठणारी भारतीय स्त्री त्याआधी १९८४ मध्ये दिसली होती, पी. टी. उषा. मॅरेथॉनमुळे पायात मुरलेला दम तिने स्टीपलचेसला वापरला. एक शर्यत सोडण्याचं धैर्य नसतं, तर हे झालं नसतं, असं मी ठामपणे म्हणते.

दुसरा बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याचा, मांडव्याचा अविनाश साबळे. महार रेजिमेंटचा जवान, सियाचीनला राहून आलेला. तोही स्टीपलचेसचाच. २०२० मध्ये करोनामुळे ऑलिंपिक पुढे ढकललं गेलं, शर्यती बंद पडल्या, वर्षभर आखलेलं सगळं वाया जाण्याच्या बेतात होतं. २९ नोव्हेंबरला दिल्लीत मोजक्या धावपटूंची हाफ मॅरेथॉन झाली, तिथे तो उतरला. १ तास ३० सेकंद. किलोमीटरला दोन मिनिटं बावन्न सेकंद, तेही एकवीस किलोमीटर. ६१ मिनिटांच्या आत हाफ पूर्ण करणारा तो पहिला भारतीय, आणि जुना राष्ट्रीय विक्रम त्याने तीन मिनिटांहून अधिक फरकाने मागे टाकला. इतकं झाल्यावरही तो रस्त्यावर रमला नाही. हाफ ही त्याच्या पायाभरणीच्या दिवसांतली धाव होती. पुढच्या वर्षी तो टोकियोला स्टीपलचेस धावला, आणि २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य घेतलं, केनियाच्या विजेत्यापेक्षा सेकंदाच्या अवघ्या पाच शतांशांनी मागे. सरावातला मधला टप्पा म्हणून शर्यत धावता येते आणि तीही मनापासून, याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

साबळे आणि ललिताच्या मागे प्रशिक्षक होते, शिबिरं होती. माझ्याकडे येणाऱ्यांच्या मागे घर, नोकरी आणि पोलीस भरती असते. खटाव-माणकडची बरीच पोरं धावायला लागतात ती भरतीच्या १६०० मीटरसाठी. मग त्यांना कळतं की आसपासच्या गावांत शिवजयंतीला, यात्रेला, प्रजासत्ताक दिनाला, कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाला पाच-दहा किलोमीटरच्या शर्यती होतात आणि पहिल्या पाच-दहांना रोख बक्षीस मिळतं. एका मोटारसायकलवर तिघं बसून ही पोरं भल्या पहाटे तिथे पोचतात. शहरातले धावपटू पदकाच्या फोटोसाठी शर्यती गोळा करतात, तशी ही पोरं करत नाहीत. त्यांना अकादमीची फी भरायची असते, बूट घ्यायचे असतात. त्यामुळे त्यांच्या वेळापत्रकात मी शर्यती सरसकट खोडत नाही.

अशाच एका मुलाचं वेळापत्रक गेल्या हंगामात आखलं, ते इथे सांगते, कारण शर्यतींमुळे आखणी कशी सरकते हे त्यात नीट दिसतं. त्याला चार शर्यती हव्या होत्या: सप्टेंबरात सातारा हिल, नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी शेजारच्या तालुक्यात दहा किलोमीटर, डिसेंबरअखेर एका शहरातली बक्षिसाची हाफ, आणि जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबईची हाफ. मुख्य शर्यत मुंबई, असं तो म्हणाला. मी चौकटीच्या वहीत मुंबईला शून्य लिहिलं आणि मागे मोजत गेले. बारावा आठवडा ऑक्टोबरच्या शेवटी आला. म्हणजे साताऱ्यानंतर मध्ये पुरेसा वेळ होता. सातारा धावायचं, पण उतारावर घड्याळाकडे बघायचं नाही, आणि नंतरचे तीन आठवडे फक्त हलकं. नोव्हेंबरची दहा किलोमीटर शून्याच्या सात आठवडे आधी येत होती. ती हवीच होती. त्या रविवारचा लाँग रन काढून टाकला, गुरुवारपासून सराव हलका केला आणि त्याला पूर्ण ताकदीने धावायला सांगितलं.

त्या दहा किलोमीटरचा दुसरा उपयोग असा. पीट रीगल नावाच्या अमेरिकन अभियंत्याने १९७७ मध्ये एक सूत्र मांडलं होतं. एका अंतराची वेळ माहीत असेल तर त्यावरून दुसऱ्या अंतराची वेळ काढता येते. दोन अंतरांच्या गुणोत्तराचा १.०६ वा घात करायचा आणि त्याने वेळेला गुणायचं. मुलाने दहा किलोमीटर चाळीस मिनिटांत संपवली. त्यावरून हाफची वेळ साधारण १ तास २८ मिनिटं निघते. त्याच्या डोक्यात १ तास २२ मिनिटं बसली होती आणि तो आठवड्यातला वेगाचा सराव त्याच हिशेबाने करत होता. तो वेग खाली आणला. पंधरा दिवसांत त्याच्या पिंढऱ्यांचं दुखणं थांबलं.

अडचण होती डिसेंबरअखेरच्या हाफची. मुंबईच्या आधी जेमतेम तीन आठवडे. जॅक फॉस्टरच्या नियमाने तेरा दिवस गेले की उरतो एकच आठवडा, आणि तो टेपरचा, म्हणजे शर्यतीआधी सराव उतरवत आणण्याचा. मी ती शर्यत खोडली.

“मॅडम, तिथं बक्षीस मोठं हाय,” तो म्हणाला.

“मग तीच मुख्य शर्यत धर. मुंबई मजेत धाव.”

“असं चालतं?”

“चालतं. दोन्ही जीव तोडून धावणं चालत नाही.”

घरी विचारून तो दुसऱ्या दिवशी आला आणि बक्षिसाची शर्यत धरली. मला त्याचा निर्णय पटला. वहीतलं शून्य तीन आठवडे अलीकडे सरकवलं, डिसेंबरच्या मध्यापासून लाँग रन उतरवत आणला, आणि मुंबईसाठी तीन आठवडे फक्त सुखाने धावण्याचे लिहिले. तिकडे त्याला चौथं बक्षीस मिळालं. मुंबईत तो आमच्या गटातल्या एका बँकेतल्या ताईंना सोबत करत धावला आणि त्यांची आजवरची सगळ्यात चांगली वेळ लागली.

शर्यत निवडण्याची मुभा ही आपल्याला नुकती मिळालेली चीज आहे. चौगुल्यांना ती नव्हती, माझ्या शाळेतल्या पोरांना नव्हती. शहरातल्या धावपटूला ती पुरेपूर आहे, त्याने फक्त मुख्य शर्यत एक ठरवायची आणि बाकीच्या तिच्या कामाला लावायच्या. खेड्यातल्या पोराच्या हातात ती अजून अर्धीच आहे, कारण त्याचा रविवार गावचं मंडळ ठरवतं. एकाच तालुक्यात एका आठवड्याला तीन गावांत शर्यती आणि मग दोन महिने काहीच नाही, असं मी वर्षानुवर्षं पाहते आहे. एप्रिलच्या उन्हात सकाळी नऊला, पाहुणे आल्यावर सोडलेल्या शर्यतीही पाहिल्या आहेत.

म्हणून गावोगावच्या मंडळांना आणि तालुका क्रीडा संघटनांना माझी कळकळीची विनंती आहे. दसऱ्याआधी एकदा एकत्र बसा आणि तालुक्यातले रविवार आपसांत वाटून घ्या. दोन मोठ्या शर्यतींत किमान दोन आठवड्यांचं अंतर ठेवा. होळीनंतर शर्यत घेऊ नका, घेतलीच तर सहाच्या आत सोडा, पाहुण्यांची वाट बघू नका. तारखा तीन महिने आधी फलकावर लावा. एवढं केलंत तर पोरांची वेळापत्रकं आखायला आम्ही आहोत.